तांडा नकाशावर कसा आणायचा? ऊसतोड स्थलांतराचा गावपातळीवर भौगोलिक अभ्यास

२०११ च्या जनगणनेत माणसं मोजण्याचं काम ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झालं. ऊसतोडीचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागात, त्या दिवसांत कित्येक तांड्यांवर म्हातारी माणसं, थोडी पोरं आणि कुलपं एवढंच उरतं. मोजणीच्या सबंध काळात जो घरी नाही तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा जनगणनेचा नियम आहे. त्यामुळे पाटोद्याचा माणूस कऱ्हाडजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत, सापडला तर तो सातारा जिल्ह्याच्या खात्यात जातो, आणि कोपीपर्यंत प्रगणक पोचलाच नाही तर कुणाच्याच खात्यात जात नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे पुन्हा हंगामातच.

काठावर पडलेल्या प्रदेशांचा आणि समाजांचा अभ्यास करणाऱ्याने कोणतं गाव घ्यायचं हे नंतर ठरवावं, कोणत्या महिन्यात मोजायचं ते आधी ठरवावं. दुसरा प्रश्न मोजणीच्या एककाचा: गाव, तांडा, घर की कोयता? या दोन गोष्टी चुकल्या की पुढचं सॉफ्टवेअर कितीही भारी असो, नकाशा चुकीचाच येतो. भूगोलाचे पदव्युत्तर विद्यार्थी, सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते आणि स्वतःच्या गावाचा अभ्यास करू पाहणारे तरुण यांना डोळ्यांपुढे ठेवून, एक-दोन तांड्यांचा अभ्यास वर्षभरात कसा पार पाडायचा ते खाली दिलं आहे.

आधी ठरवा: हा प्रदेश काठावर कशामुळे आहे?

प्रबंधाच्या पहिल्याच पानावर ‘दुर्गम’ हा शब्द पडतो आणि तिथूनच गडबड सुरू होते. बीडचे बहुतेक तांडे दुर्गम नाहीत. डांबरी रस्ता आहे, एसटी आहे, मोबाइलला रेंज आहे, आणि त्याच रस्त्याने ऑक्टोबरात ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं साडेतीनशे किलोमीटर दूर जातात. रस्ता चांगला असल्यामुळेच स्थलांतर एवढं सोपं झालं आहे. अंतरामुळे काठावर पडणं, जमीन-पाण्यामुळे पडणं आणि जातीमुळे किंवा कर्जामुळे पडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या तांड्याला यातली कोणती किती लागू आहे, हे अभ्यासातून निघालं पाहिजे, गृहीत धरून चालणार नाही.

जिल्ह्याच्या सरासरीपासून तर लांबच राहा. गेवराई-माजलगावचा गोदाकाठ जायकवाडीच्या उजव्या कालव्यावर आणि माजलगाव धरणावर भिजतो. तिथे स्वतःचा ऊस आहे, स्वतःचे कारखाने आहेत. दक्षिणेला बालाघाटावर बेसाल्टवरची वीतभर जमीन, खाली मुरूम. दोन्हीकडची माणसं ‘बीड जिल्हा’ या एकाच आकड्यात मिसळली की दोघांचंही खरं चित्र पुसलं जातं.

एकक: गाव नव्हे, तांडा, माणूस नव्हे, कोयता

सरकारी आकडे महसुली गावाचे असतात. तांडे आणि वस्त्या एखाद्या मोठ्या गावाच्या पोटात येतात आणि जनगणनेच्या पुस्तकात त्यांची वेगळी ओळ नसते. म्हणून पहिलं काम तांड्यांची आणि वस्त्यांची पूर्ण यादी करण्याचं. ती एका जागी मिळत नाही, जुळवावी लागते:

- ग्रामपंचायतीतला नमुना आठ, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तलाठ्याकडचा आठ-अ हा जमिनीच्या खात्याचा कागद आहे, दोन्हींत गल्लत करू नका.
- मतदार यादीतले भाग. तांड्याचं नाव तिथे बहुधा सापडतं.
- जिल्हा परिषदेच्या वस्तीवरच्या शाळा आणि अंगणवाड्यांची यादी.
- सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा. तो जुना असला तरी तांड्याची मूळ जागा दाखवतो. आज तांडा त्याच जागी आहे का, हे पाहणं हाही अभ्यासाचा भाग.

चारही याद्या समोरासमोर ठेवल्या की एखादी वस्ती फक्त एकाच यादीत दिसते. तिथे आधी जा.

मोजायचं काय, याबद्दल तांड्यावरचीच भाषा घ्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर ठरते, हिशोब कोयत्यावर होतो, टोळी जमवणारा मुकादम तीही कोयत्यांतच मोजतो. प्रश्नावलीत ‘स्थलांतरित व्यक्तींची संख्या’ असा रकाना ठेवला तर लोक मनातल्या मनात कोयत्याचे माणसांत हिशोब करतात आणि सोबत गेलेली पोरं गळतात. त्यामुळे तीन वेगळे रकाने ठेवा: कोयते, अर्धे कोयते, आणि तोड न करता सोबत गेलेले. शेवटच्या रकान्यात तान्ही मुलं येतात, त्यांना सांभाळायला नेलेली दहा-बारा वर्षांची मुलगी येते आणि स्वयंपाकाला नेलेली आजीही येते. ती मुलगी कुठल्याही सरकारी व्याख्येत ‘कामगार’ म्हणून येत नाही, म्हणून तुमच्या तक्त्यात तरी तिला जागा द्या.

सरकारी व्याख्यांची आणखी एक खोच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानलं होतं. तोडणी लांबली आणि सहा महिने ओलांडले की माणूस या व्याख्येतून बाहेर पडतो. २०२१-२२ चा हंगाम काही भागांत जूनपर्यंत चालला होता. काम तेच, माणसं तीच, फक्त ऊस जास्त होता. त्यामुळे ‘हंगामी’ असा शिक्का मारण्याऐवजी घर सोडल्याची आणि परतल्याची तारीख लिहून घ्या. व्याख्या नंतर लावता येते, न विचारलेली तारीख नंतर मिळत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

एकाच भेटीत अभ्यास उरकू नका. कमीत कमी तीन भेटी धरा.

पहिली भेट मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, माणसं परतलेली असतात, हिशोब ताजा असतो, पेरणी अजून सुरू झालेली नसते. लग्नसराईची अडचण असते, पण त्याला इलाज नाही. लग्नाच्या तारखा आधी विचारून ठेवा.

दुसरी भेट दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस. उचल बहुतेकांच्या हातात पडलेली असते, टोळ्या ठरलेल्या असतात. या वेळी लोक पैशाबद्दल सर्वांत कमी बोलतात, कारण सौदा चालू असतो. म्हणून पैशाचे प्रश्न मेमध्ये, आणि आता फक्त एवढंच विचारा: यंदा कोण जाणार, कुठे जाणार, कोण मागे राहणार.

तिसरी भेट जानेवारीत, आणि ती दोन्ही टोकांना. आधी रिकाम्या तांड्यावर दोन दिवस, मग कारखान्याच्या तळावर, म्हणजे टोळ्यांच्या मुक्कामी, तीन-चार दिवस. बहुतेक अभ्यासांत हीच भेट गाळली जाते. जुलै-ऑगस्टात एकदा जाऊन ‘स्थलांतर’ विषयावर प्रबंध लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी स्थलांतर डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं.

घराबाहेर पडण्याआधी: सरकारी दप्तरातली भरती-ओहोटी

स्थलांतराची थेट नोंद कुठेच नीट नसते, पण त्याची सावली अनेक वह्यांत पडते. ती महिन्यागणिक मांडा.

शाळेचं हजेरीपत्रक सगळ्यांत बोलकं. सप्टेंबर, डिसेंबर आणि एप्रिल या तीन महिन्यांची इयत्तावार सरासरी हजेरी घ्या. डिसेंबरात खड्डा किती पडतो ते दिसेल. पण हंगामी वसतिगृह असलेल्या शाळेत हा खड्डा उथळ दिसतो, कारण आई-बाप गेले तरी मूल मागे राहतं. उलट कधीकधी पट टिकवण्यासाठी मुलं कागदावर हजर राहतात. दोन्हींची शहानिशा करायची तर जानेवारीच्या भेटीत वर्गात बसलेली डोकी मोजा आणि हजेरीशी ताडून पाहा.

रेशन दुकानाचे ई-पॉस यंत्रावरचे मासिक व्यवहार संकेतस्थळावर मिळतात. पूर्वी नोव्हेंबर ते मार्च धान्याची उचल घटली म्हणजे घरं रिकामी, असा सरळ अर्थ लावता यायचा. आता कार्ड दुसऱ्या गावातही चालतं, त्यामुळे दुकानाची विक्री आणि कार्डधारकाने उचललेलं धान्य हे वेगळे आकडे आहेत. दोन्ही पाहा. रोजगार हमीचे गावनिहाय मनुष्यदिवसही महिन्यागणिक काढा. अंगणवाडीची वजनवही आणि आशाताईंची गरोदर मातांची यादी यांच्याकडे मात्र फक्त एकूण आकड्यांसाठी जा, नावं उतरवून घेऊ नका.

ग्रामसेवकामार्फत झालेली ऊसतोड कामगारांची नोंदणी, ओळखपत्रं आणि गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांची माहिती ग्रामपंचायतीत विचारा. त्या यादीतली घरं आणि तुमच्या यादीतली घरं यांच्यातला फरक हा स्वतंत्र निष्कर्ष आहे.

पायाचा नकाशा

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. उपग्रहचित्रावर घरांची छपरं एकेक करून टिपा. शंभर घरांचा तांडा दोन तासांत होतो. मोबाइलवर क्यूफील्ड किंवा कोबो हे माहिती टिपायचं अ‍ॅप टाका आणि दोन्ही नेट नसताना चालतात ना, हे तांड्यावर जाण्याआधी विमान-मोड लावून तपासा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थांना आणि नागरिकांना असं नकाशाकाम करायला आगाऊ परवानगी लागत नाही. गावकऱ्यांची परवानगी मात्र लागते, आणि ती कागदाने मिळत नाही.

मोबाइलवर घराचा जीपीएस बिंदू घेताना दारात, उघड्यावर उभे राहा. पत्र्याखाली उभं राहून घेतलेला बिंदू शेजारच्या घरात जाऊन बसतो. अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. डोंगराच्या कुशीला असाल तर अर्धा-एक मिनिट जास्त लागतो.

प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची, चूक हमखास होते. मोबाइल अक्षांश-रेखांश देतो. त्यावर थेट अंतर किंवा क्षेत्रफळ मोजायला गेलं की उत्तर अंशांत येतं, आणि लोक तेच घाईने किलोमीटर समजून तक्त्यात टाकतात. बीड जिल्हा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात बसतो, म्हणून अंतर मोजण्याआधी नकाशाचा थर ईपीएसजी ३२६४३ (या पट्ट्याचा संकेतांक) मध्ये बदलून घ्या.

उपग्रहचित्र झालं की तोच तांडा जमिनीवर लोकांकडून काढून घ्या. तांड्याच्या नायकाच्या (प्रमुखाच्या) ओट्याऐवजी मोकळं अंगण निवडा. रांगोळी, खडे, चिंचोके, काड्या ठेवा आणि पहिली रेघ स्वतः मारू नका. सुरुवात लोक कुठून करतात ते पाहा. बंजारा तांड्यावर बहुधा सेवालाल महाराजांचं देऊळ आधी येतं, विहीर-हापसा नंतर. मग एकेक घर झालं की चिंचोके द्या: जेवढे कोयते गेले तेवढे चिंचोके त्या घरावर. बायकांचा नकाशा वेगळा काढा, वेळही वेगळी ठेवा. पाणी, सरपण, बाळंतपणाला जायची वाट आणि रात्री जायला नको वाटतं अशा जागा त्यांच्याच नकाशात येतात. पुरुषांच्या नकाशात ठळक असतो तो फाटा, जिथे ट्रक लागतो. फोटो वरून, सरळ, माणसं न घेता काढा. संध्याकाळपर्यंत कोंबड्या नकाशा खाऊन टाकतात, म्हणून त्याच जागी बसून तो कागदावर उतरवा.

घरोघरी

सव्वाशे घरांपर्यंतचा तांडा असेल तर नमुना काढू नका, सगळी घरं घ्या. एका मुलाखतीला ३५ ते ४० मिनिटं लागतात. एक जण दिवसाला सहा घरं नीट करतो, दहा केली तर शेवटची चार वाया. तिघे जण असाल तर शंभर घरांना सहा दिवस आणि राहिलेल्या घरांसाठी सातवा. मोठी वस्ती असेल तर दर तिसरं घर घ्या. पहिलं घर चिठ्ठी टाकून ठरवा.

कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायची सवय मोडा. या अभ्यासात कुलूप हीच माहिती आहे. बंद घर बदलून उघडं घर घेतलं की न गेलेल्यांचं प्रमाण आपोआप वाढतं. प्रत्येक दाराला भेटीच्या दिवशीचा एक आकडा द्या: ० सगळे घरी, १ सगळे गेलेले, २ जोडपं गेलं पण म्हातारी-मुलं मागे, ३ फक्त तरुण गेले, ९ कुलूप आणि माहिती नाही. जानेवारीच्या भेटीत हाच आकडा पुन्हा टिपला की दोन नकाशे शेजारी ठेवता येतात, आणि सगळ्या प्रबंधात सगळ्यांत जास्त सांगणारं पान तेच ठरतं.

आता पैशाचा प्रश्न. ‘हंगामात किती कमावले?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘एक लाख.’ हा लाख म्हणजे उचल. ती कमाई नाही, अंगावर घेतलेली रक्कम आहे. ती उत्पन्नाच्या रकान्यात गेली की तांडा कागदावर सुखवस्तू होतो. त्याऐवजी हिशोब पायरीपायरीने मांडून घ्या. उदाहरणासाठी आकडे धरू:

एका कोयत्याने उचल घेतली १,००,००० रुपये. वीस आठवडे आठवड्याला १,००० रुपये खर्ची (घरखर्चाला मिळणारी रक्कम) घेतली, ते झाले २०,०००. आजारपणात दहा खाडे पडले आणि खाड्याला ५०० प्रमाणे ५,००० दंड लागला. अंगावर एकूण १,२५,०००. काम झालं १२० दिवस, रोज सरासरी दोन टन, म्हणजे २४० टन. टनाला ३६६ रुपये दर धरला तर ८७,८४०. पाच महिने राबून ३७,१६० रुपये बाकी निघाली, आणि ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत वळती होते. त्या घरानं पुढच्या वर्षी पुन्हा जायचं की नाही, हे इथेच ठरून जातं.

प्रश्न याच क्रमाने विचारा: उचल, खर्ची, खाडे, टन, फिटली की बाकी राहिली. टनांचा आकडा आठवणीतून घेऊ नका. वजनकाट्याच्या पावत्या कुणी ठेवल्या असतील तर त्या पाहा; पावत्या मुकादमाकडे असतील तर तसं लिहा, कारण पावती कुणाकडे असते हाही मुद्दाच आहे. वाढ्याची (उसाच्या शेंड्यांच्या चाऱ्याची) विक्री वेगळी विचारा. बैलगाडीवाल्यांना त्यातून रोजचे पैसे सुटतात आणि लोक ते हिशोबात धरत नाहीत. टोळी कोणत्या प्रकारची, गाडी सेंटर, टायर सेंटर की डोकी सेंटर, हेही लिहून घ्या, कारण तिघांचं काम, दर आणि कारखान्यापासूनचं अंतर वेगळं असतं. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, त्यामुळे दोन वेगळ्या हंगामांचे पैसे एका सरासरीत मिसळू नका.

मुकादम पुष्कळदा त्याच तांड्यावरचा, नात्यातला असतो. त्याला टाळून अभ्यास होत नाही, त्याच्या ओट्यावर बसूनही होत नाही. पहिल्या दिवशी त्याला भेटा, काय करतोय ते मोकळेपणी सांगा, त्याचीही मुलाखत घ्या, कारण उचल बुडवून टोळी पळाली की तोही कर्जात जातो. मुलाखती मात्र घरात. तो शेजारी येऊन बसला तर पैशाचे प्रश्न सोडा आणि शेती, पाणी, पोरांची शाळा यावर या. प्रश्नावलीवर ‘तिसरी व्यक्ती हजर’ अशी खूण करा. विश्लेषणात त्या मुलाखती वेगळ्या काढून पाहिल्या तर बाकी राहिलेल्या रकमेचे आकडे कमी-जास्त सांगितलेले स्पष्ट दिसतात.

किती वर्षांपासून जाता, याचं उत्तर सालात येत नाही. खुणा वापरा: बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, नोटाबंदी, लॉकडाऊन. ‘भूकंपाच्या वर्षी तुम्ही कोणत्या कारखान्यावर होता?’ हा प्रश्न चालतो, कारण ती पहाट सगळ्यांना आठवते. यातून आजा, बाप, मुलगा अशी पिढ्यांची ओळ आणि बदललेले कारखाने दोन्ही मिळतात.

बायकांच्या आरोग्याचा विषय जपून. २०१९ मध्ये राज्याच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ महिलांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यानंतर माहिती विचारणाऱ्यांची रांग लागली. तुमच्याकडे प्रशिक्षित स्त्री-सहकारी आणि पुढे पाठवायला आरोग्यसेवेची व्यवस्था नसेल, तर हा प्रश्न प्रश्नावलीत घालू नका. भूगोलाच्या अभ्यासाला कोपीपासून पाणी, आडोसा आणि दवाखाना किती लांब आहे, हे मोजणं जास्त शोभतं आणि जास्त उपयोगीही पडतं.

दुसरं टोक: फड आणि तळ

तोडणीवाला गावाचं नाव सांगत नाही, कारखान्याचं सांगतो. तोही हंगामात एका जागी नसतो, तळ हलतो. म्हणून तक्त्यात मुक्कामाचं ठिकाण म्हणून कारखाना धरा आणि शेजारी खात्रीचा रकाना ठेवा: तळ पाहिला, फोनवर कळला, की फक्त कारखाना माहीत. बैलगाडीचे तळ कारखान्याच्या आसपास असतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या लांबच्या शिवारात, अनेकदा कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. तिथे गेलात तर पहाटेपासून एका टोळीबरोबर दिवस काढा आणि वेळ टिपा: उठणं, फडावर पोचणं, मोळ्या बांधणं, गाडी भरणं, काट्यावरची रांग. बाईचा दिवस वेगळ्या रकान्यात घ्या. पुरुष टेकतो तेव्हा ती चुलीपुढे असते, हे तक्त्यात मिनिटांत दिसतं आणि मग वेगळं भाष्य करावं लागत नाही.

जग कुठे आहे?

‘जागतिकीकरणाच्या रेट्यात’ असं पहिल्या परिच्छेदात लिहून मोकळं होता येतं. त्याऐवजी तांड्यापासून बाहेर एकेक कडी जोडत जा. तोडणीचा खर्च शेवटी कोण देतं? कारखाना शेतकऱ्याच्या एफआरपीतून (केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) तोडणी-वाहतुकीचा खर्च कापतो, आणि मजूर आपले नाहीत, कंत्राटदाराचे, असंही म्हणतो. ही पहिली कडी. हंगाम किती दिवस चालणार हे उसाच्या क्षेत्रावर ठरतं आणि क्षेत्र भावाच्या अंदाजावर. २०२१-२२ मध्ये देशाची साखर निर्यात शंभर लाख टनांच्या पुढे गेली. १ जून २०२२ पासून सरकारने तिच्यावर निर्बंध आणले. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं, पुढे ते सैल झालं. न्यूयॉर्कच्या बाजारातल्या कच्च्या साखरेचा भाव आणि दिल्लीतला आदेश यांचा तांड्याशी संबंध असा, कामाच्या दिवसांतून, लागतो.

म्हणून दहा वर्षांचा एक तक्ता करा. एका बाजूला त्या कारखान्याचे गाळपाचे दिवस, जे पुण्याच्या साखर आयुक्तालयाच्या अहवालांतून मिळतात. दुसऱ्या बाजूला तांड्यावरून गेलेले कोयते आणि सरासरी उचल. मध्ये निर्यात आणि इथेनॉलचे निर्णय तारखेसह. रेषा जुळतातच असं नाही, आणि न जुळलेली वर्षं जास्त विचार करायला लावतात: त्या वर्षी पाऊस कसा होता, की हार्वेस्टर आला होता? यंत्र मोठ्या, सपाट, रुंद सरीच्या फडात चालतं. लहान तुकडे, ओली जमीन आणि पडलेला ऊस माणसांच्या वाट्याला येतो. म्हणून कोयते घटले का, एवढंच विचारू नका. फड कोणता मिळतो, तेही विचारा.

नकाशा करताना होणाऱ्या चुका

नावांनी जोडणी करू नका. पिंपळगाव, पिंपरी, वडगाव या नावांची गावं जागोजाग आहेत. जनगणनेचा सहा अंकी गाव-क्रमांक वापरा. जुन्या तक्त्यांत अहमदनगर, उस्मानाबाद, औरंगाबाद आणि नव्यांत अहिल्यानगर, धाराशिव, छत्रपती संभाजीनगर असतं. जोडणी तुटते आणि सॉफ्टवेअर मुकाट्याने ती ओळ रिकामी सोडतं. जोडणीनंतर रिकाम्या ओळी मोजा. जुन्या मराठी फाँटमधल्या याद्या आधी युनिकोडमध्ये आणा.

प्रमाण रंगाने दाखवा, संख्या वर्तुळाने. २०० घरांच्या वस्तीतले ६० कोयते आणि ५० घरांच्या तांड्यातले ६० कोयते एकाच रंगात रंगवले तर दुसऱ्या तांड्याची सगळी कहाणीच गेली. प्रवाहाच्या रेषांची जाडी कोयत्यांच्या प्रमाणात ठेवा आणि पाचपेक्षा कमी कोयत्यांच्या रेषा एका ‘इतर’ रेषेत घ्या. नकाशा वाचता येतो, आणि त्या चार घरांची ओळखही झाकली जाते.

हा शेवटचा मुद्दा साधा नाही. चाळीस घरांच्या तांड्यात ‘विधवा, अर्धा कोयता, बाकी ५० हजार’ एवढी ओळ नावाशिवायही माणूस दाखवते. घरांचे बिंदू असलेला नकाशा कामापुरता तुमच्याकडे ठेवा. छापायच्या नकाशात तांड्याची एकच आकृती द्या. कुलूप असलेली घरं दाखवणारा जानेवारीचा नकाशा तर हंगाम संपण्याआधी कुणालाही पाठवू नका. चोरालाही तो वाचता येतो.

छापण्याआधी तो तांड्यावर न्या. दुसऱ्या मेमध्ये, माणसं परतल्यावर, मोठा फ्लेक्स करून देवळाच्या भिंतीला लावा आणि लाल पेन लोकांच्या हातात द्या. हापसा बंद पडून दोन वर्षं झाली, ही वाट आता अडवली आहे, हे घर आमच्या भावकीचं नाही, अशा खुणा पडतील. त्या उतरवून घ्या, नकाशा दुरुस्त करा आणि एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवा. दिशा आणि प्रमाणपट्टीच्या शेजारी, नकाशाच्या कोपऱ्यात, मोजणीचा महिना ठळक अक्षरात लिहा.